नवरी फुलं तोडायला गेलीय

फरंगीसबाईंनी सकाळीच जाहीर केलं, की होणाऱ्या सुनेची, लाईबाची, नोकरी खलास, राजीनामा त्यांनीच पाठवलाय. तेव्हापासून आबिदाचं डोकं नुसतं भणभणत होतं.

"निकाह कबूल का, तीनदा विचारतील," तिने लेकीला दरडावलं. "तिसऱ्यांदा नाही म्हण. बिर्याणीचं काय करायचं ते मी बघते."

"ओके, अम्मी," लाईबा म्हणाली.

बहरीनमध्ये, मनामाच्या त्या हॉलमध्ये नवरानवरीसमोर इराणी रिवाजाचा आरसा मांडला होता. इराणच्या कुठल्याशा शहाच्या बेगमेचा म्हणे. त्या बेगमेला लग्नात कुणी काही विचारलंच नव्हतं, हे फरंगीसबाई मोठ्या कौतुकाने सांगत होत्या.

मौलवींनी पहिल्यांदा विचारलं. रिवाजाप्रमाणे बायका ओरडल्या, "नवरी फुलं तोडायला गेलीय."

आबिदाने आरशात पाहिलं. आरशात नवरा होता आणि शेजारी रिकामी खुर्ची. हॉलमध्ये मात्र लाईबा त्याच खुर्चीत मान खाली घालून बसलेली.

"आरशात बघा जरा," तिने आपल्या नवऱ्याला, हमीदला, डिवचलं.

"आता आरशाशीपण भांडणार तू?" हमीदने मानही वळवली नाही.

दुसऱ्यांदा विचारलं. "नवरी गुलाबपाणी आणायला गेलीय." आरशातली खुर्ची रिकामीच.

तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा आरशात लांबून लाईबा धावत आली. पाय चिखलाने माखलेले, ओंजळीत रत्नागिरीच्या घरच्या अंगणातली अबोली. काचेला येऊन थडकली आणि तोंड फाडून "नाही" म्हणाली. आवाज आला नाही.

खुर्चीतली नवरी खणखणीत फारसीत हो म्हणाली.

लाईबाला फारसी येत नव्हती.