निळी केबल

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा: परीक्षेला मुलं संगणकांपुढे बसलीत आणि ते संगणक एकमेकांना जोडणारा स्विच कुणाचंच ऐकत नाही.

संगणक शिकवणाऱ्या मुळ्येबाईंनी निळ्या केबलचं एक टोक लॅपटॉपला, दुसरं थेट स्विचच्या कन्सोल पोर्टला, म्हणजे त्याला आज्ञा द्यायच्या खाचेला, लावलं. पडदा काळाच. शेजारी त्यांची विद्यार्थिनी जुई उभी होती.

"एंटर दाबल्याशिवाय बोलत नाही गं हा," बाई म्हणाल्या. एंटर दाबताच स्विचने पासवर्ड मागितला. बाईंनी दिलेला पासवर्ड त्याला पटेना.

"कुणीतरी बदललाय. आता सगळं पुसून नव्याने बसवायचं, म्हणजे आजची परीक्षा गेली."

काल स्विचच्या सेटिंगशी खेळताना जुईनेच तो बदलला होता. मग तिने लॅपटॉप जवळ ओढला आणि बाईंच्या देखत आपल्या मांजरीचं नाव टाइप केलं.