ऊन डोळ्यांवर होतं

"साक्ष दे, ईझेलभाऊ! उभा राहा आणि साक्ष दे!"

हँगरमधल्या लांब टेबलाभोवती हशा पिकला. रविवारी चर्चमध्ये माणसं उठून प्रभूने आपल्याला कसं तारलं ते सांगतात, तसंच ईझेल ट्रुइटने आज सांगायचं होतं. तारणहार तेवढा वेगळा. वर्षाला थोडे पैसे भरायचे, आणि विमानखात्याने मानगूट धरली की फोनवर वकील हजर, अशी ती योजना. हौसेपायी शनिवारी उडणाऱ्या माणसाला ती हवीच कशाला, असं जेरुशाने विचारलं होतं. ती शाळेत गणित शिकवायची आणि या विमान क्लबात नवी होती.

"सांग तिला," क्लबचा अध्यक्ष लूशियस म्हणाला, आणि मक्याच्या पिठात घोळवून तळलेला आणखी एक मासा त्याने ईझेलच्या ताटात टाकला. "लायसन कसं वाचलं ते सांग."

ईझेल उठला. "पोरी, मी काही केलंच नाही बघ. वकील म्हणाला, तोंड उघडायचं नाही. विमान क्लबचं, चालवणारे पाच जण. त्या दिवशी कोण होतं ते त्यांनी शोधावं. आणि त्या घराकडे फिरकायचंसुद्धा नाही. फुलं नाहीत, फोन नाही, 'चुकलं' हा शब्द तर झोपेतही नाही. मी गप्प बसलो. खात्याचा कागद आला, प्रकरण बंद."

"आमेन!" लूशियसने टेबलावर थाप मारली.

"पण झालं काय होतं?" जेरुशाने विचारलं.

तिखट सॉसची बाटली या हातातून त्या हातात गेली. ईझेलने खाली बसून मोठा घास तोंडात घातला. तेवढ्यात दारात त्यांच्या चर्चचा डीकन होझिया गॅडिस येऊन उभा राहिला. हातात पिवळ्या फडक्यात बांधलेला केक.

ते फडकं टेबलाभोवतीचा प्रत्येक जण ओळखत होता. दर शनिवारी गॅडिसच्या घरावरून जाताना विमानाचे पंख डुलवायचे, आणि होझियाच्या बायकोने, लोरीनने, मागच्या पायऱ्यांवर येऊन ते फडकं हलवायचं, ही वर्षानुवर्षांची रीत. यंदा एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी विमान इतकं खाली आलं की पेकनच्या झाडाची पानं गळाली. लोरीन दचकून मागे सरली ती पायऱ्यांवरून खाली. खुब्याचं हाड मोडलं.

"लोरीनने धाडलाय," होझिया म्हणाला. "काठी टेकत टेकत भाजलाय." मग त्याने ईझेलकडे पाहिलं. एकाच ओढ्यात, एकाच सकाळी बाप्तिस्मा झालेले दोघे. "तूच होतास ना रे?"

ईझेलने घास गालात सारला.

"वकिलाच्या सल्ल्यानुसार मला या विषयावर काही बोलता येणार नाही."

वाक्य कसं अलगद सुटलं. जणू तेलात बुडवून ठेवलं होतं.

"विचारायला नव्हतो आलो," होझिया म्हणाला. "कोण होतं ते ठाऊक आहे. मी परसात होतो, तुझी लाल टोपी दिसली मला. हिला तर तुझे दात दिसले. हसत होतास."

"पण वहिनी इन्स्पेक्टरला म्हणाल्या ना..." लूशियसने तोंड घातलं.

"ऊन डोळ्यांवर होतं म्हणाली. सकाळचं ऊन आमच्या पुढच्या दाराला असतं, लूशियस. मागच्या पायऱ्यांवर सावली." होझियाने केक टेबलावर ठेवला. "जन्मात खोटं बोलली नव्हती ती बाई. माझ्याशीसुद्धा नाही, आणि मला फसवणं किती सोपं ते तुम्ही सगळे जाणता. मला म्हणाली, बायको गेल्यापासून ईझेलला त्या आभाळाशिवाय आहे काय? येईल तो, दोन शब्द बोलेल, मग माझं खोटं आणि त्याची चूक मिळून देवापुढे ठेवू. मे गेला. जून गेला. परवाच्या रविवारी पास्टरांचा सूर असा चढला, असा चढला, की प्रवचनाचं गाणं झालं. अख्खं चर्च उभं, भिंतीसुद्धा गात होत्या. आमची ही बसून. प्रभुभोजनाचं ताट आलं, तिने ते तसंच पुढे सरकवलं. ओठ मिटून. खोटं बोललेल्या तोंडाने ते घ्यायचं कसं, म्हणाली."



"डीकन, तुम्ही बसा, खाऊन जा," लूशियस गडबडीने म्हणाला. "पण ईझेल, तू केकला हात लावू नकोस बाबा. उद्या कबुली समजतील."

कोणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं.

होझियाने गाठ सोडली. केक तिथेच ठेवला, फडक्याची घडी घातली आणि ती ईझेलच्या ताटाशेजारी ठेवली.

"फडकं तेवढं तिला परत हवंय," तो म्हणाला. "ज्याला यायचं त्याने यावं. पण जमिनीवरून यावं."

टोपी डोक्यावर चढवून तो उन्हात निघून गेला.

ईझेलच्या गालात घास तसाच होता. गार झालेलं तेलकट पीठ टाळूला चिकटलं होतं. त्याने तो कागदी ताटात थुंकला आणि हाताला लागलं त्याने तोंड पुसलं.

जेरुशाने आपलं ताट दूर लोटलं. "मग काका," ती म्हणाली, "घ्यायची का ती योजना?"

"घे," ईझेल म्हणाला. "लायसन वाचतं."

मग त्याने खाली पाहिलं. हातातल्या पिवळ्या फडक्यावर तेलाचा डाग पसरत चालला होता.