बेबीनंदाची जीभ

“डोळ्यात काय घातलं होतं?” डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं.

“काहीच न्हाई,” सूरज म्हणाला. तो स्टुलावर ताठ बसला होता. उजव्या डोळ्यातून पाणी गळत होतं आणि बुबुळावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा डाग पडला होता. पाच दिवसांपूर्वी मळणीयंत्रातून सोयाबीनचं फोलपट उडून त्याच डोळ्यात गेलं होतं.

मागे उभ्या बेबीनंदानं पदर मुठीत घट्ट धरला. पोरगा आपल्यासाठी खोटं बोलतोय, हे तिला कळत होतं. त्यांच्या गावात, धावड्यात, कुणाच्या डोळ्यात काही गेलं की लोक पाणी शोधत नसत, बेबीनंदाला शोधत. ती चूळ भरायची, पापणी उलटायची आणि जिभेच्या शेंड्यानं कुसळ अलगद उचलून तळहातावर ठेवायची. वीस वर्षांत तिनं कुणाचा त्यापायी चहासुद्धा घेतला नव्हता. सूरजच्या डोळ्यातलं फोलपटही तिनंच काढलं होतं आणि मोठ्या तोऱ्यात सगळ्या खळ्याला दाखवलं होतं.

“मी रागवायला विचारत नाही,” बाई म्हणाल्या. “नुसती फोलपटावरची बुरशी असेल तर औषध वेगळं, तोंडातले जंतू गेले असतील तर वेगळं. आधीच उशीर झालाय.”

“सांगितलं ना, काहीच...”

“जीभ लावली,” बेबीनंदा म्हणाली. “म्या लावली. माय हाये मी त्याची.”

सूरजनं मान खाली घातली. बाईंनी कागदावर लिहून घेतलं.

“मळणीवर साधा प्लॅस्टिकचा चष्मा घातला असता, तर हे झालंच नसतं. आणि गेलंच काही, तर चोळायचं नाही. स्वच्छ पाण्यानं धुवायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा.”

“दिसंल का त्याला?”

“आधी डोळा वाचतो का बघू. नजरेचं आत्ता सांगता येणार नाही.”

बाहेर बाकड्यावर दोघं औषधाची वाट बघत बसले. तेवढ्यात फोन वाजला. शेजारचा बबलू होता.

“मावशी, कव्हा येऊन राह्यल्या? पोरीच्या डोळ्यात कुसळ गेलंय. तुमच्या दारातच बसून हाये.”

“चोळू देऊ नको तिला. पाण्यानं धू आन जल्दी जालन्याला घेऊन ये, डोळ्याच्या दवाखान्यात.”

बबलू हसला. “एवढ्याशा कुसळापायी जालना? तुमची जीभ असताना?”

बेबीनंदानं सूरजकडं पाहिलं. त्यानं चांगला डोळाही मिटून घेतला होता आणि डोकं भिंतीला टेकवलं होतं.

“जीभ झडली माझी, बबलू,” ती म्हणाली.