तीन वर्षांची हमी

जळका वास आला तसा तिने झटकन प्लग उपटला.

"गेला," ती म्हणाली. "या वेळी खरंच गेला."

काउंटरपलीकडे स्टुलावर बसलेला म्हातारा दचकला. "असं कसं? काल संध्याकाळपर्यंत तर..." म्हणून तो थांबला आणि चष्मा पुसू लागला.

सैल झालेली रॅमची पट्टी तिने नेहमीसारखी दाबून बसवली होती आणि कॉम्प्युटर सुरू केला होता. आता मदरबोर्ड बाहेर काढून तिने दिव्याखाली तिरका धरला. एका कोपऱ्यात काळा डाग पडला होता, कपॅसिटर फुगले होते. चार वर्षांत तिने या बोर्डाची बॅटरी बदलली होती, पंखा बदलला होता, कपॅसिटर तर दोनदा बदलले होते. आता बदलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शेजारचा घड्याळवाला डोळ्याला भिंग लावूनच हसला. हा तमाशा त्याला पाठ होता. महिन्याचा पहिला शनिवार आला की म्हाताऱ्याचा कॉम्प्युटर बंद पडायचा, भाजी आणायच्या चाकं लावलेल्या पिशवीत बसून दुकानात यायचा, आणि म्हातारा तासभर तिच्या कामात खुसपटं काढत बसायचा. "ताई, या खडूस माणसाला तुम्ही सहन कसं करता?" असं घड्याळवाल्याने एकदा विचारलंही होतं. "मला सवय आहे," एवढंच ती म्हणाली होती.

दुकानात येणारा प्रत्येक पिकल्या केसांचा माणूस तिचा काका नाहीतर आजोबा व्हायचा. याला मात्र ती नुसतं "या" म्हणायची.

"नवीन बोर्ड बसवते," ती म्हणाली. "प्रोसेसर आणि रॅमही नवीन लागेल. बाहेरचा डबा तुमचाच राहील, डिस्क तुमचीच."

"आतले फोटो?"

"एकही जाणार नाही."

"आणि हे टिकणार किती?"

"तीन वर्षांची लेखी हमी आहे."

हे ऐकून खरं तर कुणाचाही चेहरा खुलला असता. याचा पडला. तिचाही काही खुलला नव्हता. तीन वर्षं म्हणजे छत्तीस पहिले शनिवार. काम नसताना कुणाच्या दुकानात जाऊन बसेल असा हा माणूस नव्हता. आणि "सहज येत जा" हे तीन शब्द तिच्या ओठांपर्यंत यायचे आणि तिथेच अडायचे.

तिने डब्यातली धूळ ब्रशने झाडली. मागच्या पत्र्यावर कधीकाळी सुरीने उचकटल्याचे ओरखडे होते. तिथे तिचा अंगठा जरा थांबला.

"पोरांचे उद्योग," म्हातारा म्हणाला.

"ओरडला असाल."

"मारलं होतं."

नवा बोर्ड तिने डब्यात बसवला, प्रोसेसरवर वाटाण्याएवढी पेस्ट लावली, वर पंखा आवळला. रॅमच्या दोन्ही पट्ट्या टक टक करून जागेवर गेल्या.

"एवढं शिकून हेच करायचं होतं तुम्हाला?" म्हाताऱ्याने विचारलं. हा प्रश्न तो दर खेपेला विचारायचा, आणि आज ही बाई स्क्रूड्रायव्हर फेकून मारणार असं घड्याळवाल्याला दर खेपेला वाटायचं.

"हेच करायचं होतं," ती शांतपणे म्हणाली. मग मान खाली घालूनच तिने विचारलं, "घरी बरं आहे ना सगळं?"

"तिचे गुडघे धरलेत. जिना उतरवत नाही."

"डॉक्टरांना दाखवा. टाळाटाळ करू नका."

कॉम्प्युटर एकदाच बारीक आवाज करून पहिल्या झटक्यात सुरू झाला. सगळं जागच्या जागी होतं. तिने तो बंद केला. हमीच्या कार्डावर सही करायला म्हातारा घड्याळवाल्याकडे पेन मागायला वळला.

झाकण लावण्याआधी तिने एकदा त्याच्या पाठीकडे पाहिलं. मग डावीकडच्या पट्टीची क्लिप दाबून ती पट्टी केसभर वर उचलली. पंख्याच्या थरथरीने महिन्याभरात सुटेल, एवढीच. चार वर्षं ती हेच करत आली होती. हे लबाडीचं आहे हे तिला कळत होतं, घरी गेल्यावर जेवण गोड लागत नव्हतं. पण ते स्टूल महिनोन्महिने रिकामं राहिलेलं तिला बघवलं नसतं.

तिने चारही स्क्रू घट्ट आवळले.

"आता तीन वर्षं तरी यायला नको तुम्हाला," ती हसून म्हणाली.

"बघू," म्हातारा म्हणाला, आणि पिशवी ओढत गर्दीत दिसेनासा झाला. ती तरीही तिकडेच बघत राहिली.

घरी पोचल्यावर त्याने डबा टेबलावर ठेवला, पण प्लग लावला नाही. खणातून स्क्रूड्रायव्हर काढला, चारही स्क्रू सोडले आणि रॅमच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. डावीकडची केसभर वर होती.

त्याला हसू आलं. बराच वेळ ते त्याच्या तोंडावर राहिलं. मग त्याने अंगठ्याने पट्टी नीट दाबून बसवली, दर वेळी बसवायचा तशी. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटून पुढच्या महिन्याचा पहिला शनिवार शोधला आणि आदल्या शुक्रवारवर पेन्सिलीने बारीक टिंब दिलं. त्या संध्याकाळी ती पट्टी पुन्हा सैल करायची होती.

कॉम्प्युटर सुरू झाल्याचा आवाज आतल्या खोलीत गेला. तिथे त्याची बायको पलंगावर पाय लांब करून बसली होती.

"झाला का चालू?"

"झाला. तीन वर्षं काही होणार नाही म्हणे."

"मग आता कसं जाणार?"

"बिघडेल की."

ती गुडघ्याला तेल चोळत राहिली. मग हात थांबवून तिने विचारलं, "आज तरी आपल्या लेकीला नावानं हाक मारलीत का?"