शिवलेले खिसे

मनिलातल्या आमच्या गल्लीत झडती घेणारे पोलीसच खिशात गर्दची पुडी टाकतात, म्हणून माझ्या रिक्षावाल्या पोराच्या, रोदेलच्या, सगळ्या पँटींचे खिसे मी शिवून टाकले होते. तो चिडायचा, “आई, चिल्लर काय कानात ठेवू?” काल बाजारात हवालदारानं त्याची कॉलर धरली. मी शिलाईमशीन सोडून धावले. “याच्या खिशात सापडली, पुरिंगमावशी,” तो पुडी नाचवत म्हणाला. “कुठल्या खिशात? दाखवा की सगळ्यांना!” त्यानं बोटं खुपसली, ती माझ्या दुहेरी टिपेवर अडली. आधी मासळीवाली हसली, मग अख्खा बाजार. कॉलर सुटली. घरी रोदेलनं आल्याची पेज तीन वाट्या ओरपली. माझं बघूनच पोट भरलं. संध्याकाळी त्याच हवालदाराची बायको दारात आली, हातात स्वतःच्या पोराच्या चार पँटी. “ह्यांना सांगू नका,” ती कुजबुजली, “पण टीप जरा घट्ट घाला.”