दहावा चौकोन

लॉन्ड्रीच्या मागच्या भिंतीवर चादर ताणली होती आणि तिच्यावर प्रोजेक्टरने दुकानाची नवी वेबसाइट उजळली होती. मशीन बंद करून सगळे गोळा झाले होते. मालकांची धाकटी मुलगी हातात पट्टी घेऊन समजावत होती. वेबसाइट तिनेच केली होती.

"डोळा आधी कुठे जातो? मोठ्या अक्षरांकडे. म्हणून दुकानाचं नाव मोठं. आणि ही रिकामी जागा वाया गेलेली नाही बरं का. कपाटात कपडे कोंबले तर एकही धड दिसत नाही, तसंच हे. शिवाय कडेला कड जुळली पाहिजे."

"ते तर आम्ही रोज जुळवतो," इस्त्रीवाला म्हणाला. दिवसभर वाफेत उभा, म्हणून त्याला सगळे इंजिन म्हणत. "फक्त आम्हाला कोणी भिंतीवर दाखवत नाही."

"आता दाखवते!"

हशा पिकला. मालकही हसले. धाकटीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तिने पान खाली सरकवलं. 'आमची माणसं'. तीन ओळी, ओळीत तीन चेहरे, सगळे चौकोन एका मापाचे. जो तो स्वतःला शोधू लागला. इंजिनने स्वतःच्या मिशांना सलाम ठोकला.

धाकटीची आत्या सगळ्यांच्या मागे उभी होती, केस चापूनचोपून बसवलेले. कपड्यांची तुटलेली बटणं लावायचं काम तिचं. अशी लावायची की गिऱ्हाइकाला पत्ता लागू नये. तिने चष्मा पुसला, सगळे चेहरे सावकाश पाहिले. मग पुन्हा पहिल्यापासून पाहिले.

"अजून खाली आहे ना गं?"

खाली काही नव्हतं. धाकटीने दहावा चौकोन टाकून पाहिला होता. तो शेवटी एकटाच लोंबकळत होता, सगळी मांडणी बिघडवत होता. एकाला काढायचं होतं, आणि काढलं तरी रुसणार नाही असं एकच माणूस तिला आठवलं. तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. इंजिन मिशा विसरून तिच्याकडे बघत होता. मालक जमिनीकडे बघत होते.

खरं सांगायला तोंड नव्हतं.

"तुझा फोटो नीट आला नाही, आत्या. हलला होता."

"अगं बाई! हललेच असणार मी. मला मेलीला फोटोची सवय कुठली?" आत्या हसली, आणि सगळ्यांकडे बघून ओशाळली.

तिचा फोटो लॅपटॉपमध्ये होता. स्वच्छ, डोळे टक्क उघडे, दहांतला सगळ्यांत चांगला. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं धाकटीला झालं.

"मग आत्ता काढतेस का? तुझं काम अडायला नको." आत्याने स्टूल ओढून चादरीपुढे ठेवलं आणि त्यावर ताठ बसली. हात गुडघ्यांवर. इतरांचे चेहरे तिच्या अंगावर पडले होते. पापणीही लवत नव्हती.

धाकटीने फोन वर धरला.

ओठ फारसे न हलवता आत्याने विचारलं,

"श्वास घेतला तर चालेल ना गं?"