रिकाम्या खाटेची नाडी

आईला सकाळीच शवागारात नेलं होतं. दुपारी मॉनिटर काढायला तिचा मुलगाच आला, कारण या हॉस्पिटलातली सगळी मशिन्स तोच सांभाळायचा.

बोटाला लावायचा चिमटा रिकाम्या खाटेवरून लोंबत होता, तरी पडद्यावर नाडी चालू होती. दर चौथा ठोका चुकत होता, आईचा चुकायचा तसाच.

त्याने वायर बदलली, चिमटाही बदलला. फरक शून्य.

"दादा, आटपा ना," सिस्टर म्हणाली. "शेजारचा पेशंट मशीनसाठी खोळंबलाय."

"पाचच मिनिटं द्या, सिस्टर."

"त्याच्याकडे तेवढी नाहीत हो."

त्याने प्लगकडे हात नेला. आकडा नव्वदवर गेला. त्याने प्लग मुठीत धरला. एकशे चाळीस.

"घाबरू नकोस, आई. मी आहे ना," तो पुटपुटला.

आकडा हळूहळू उतरू लागला.